बैठकीखालचा जोड

दहिवली, ता. १६ सप्टेंबर १९४३

येसाजी भावजींना सुंदराचा आशीर्वाद.

त्या दिवशीही मी आधी चूल पेटवली, मग गोठ्यातलं शेण काढलं, मग पाणी भरलं. पाऊस होता म्हणून अंगण सारवायचं नव्हतं. तुमचे दादा पत्र्याचं फावडं घेऊन आले आणि नेहमीसारखे चुलीपुढे उकिडवे बसले. मी धगधगीत निखारे बघून फावड्यात ओढून दिले. ते मोटारीच्या भट्टीत टाकून आले आणि म्हणाले, "माती दे गं जरा." चुलीला लावायला मळून ठेवलेल्या मातीतला एक गोळा मी काढून दिला.

"रोज गोळा नेता, मोटारीत दुसरी चूल मांडलीय काय?"

"मांडलीय की. तुझ्यापेक्षा गुणी हाय. उलटून बोलत नाय."

न्याहारीला तांदळाची भाकरी आणि सुकट होती. दोन भाकऱ्या खाल्ल्या, तिसरी फडक्यात बांधून नेली. तुम्ही कार्डात विचारलंत की दादांना आदल्या दिवसापासून काही त्रास होत होता का. नव्हता. सकाळ रोजच्यासारखी गेली. दुपारी खालापूरहून माणूस आला.

तेराव्याला तुम्हाला सुट्टी मिळाली नाही हे कळलं.

आता मोटारीचं. हे पत्र तुम्ही साहेबांना वाचून दाखवाल म्हणून पहिल्यापासून लिहिते. लढाईमुळे पेट्रोल कुपनांवर गेलं आणि कर्जत-चौक-खालापूर लाइनीवर सर्व्हिस चालवणं होईना. तेव्हा तुमच्या कंपनीनं आमच्या मोटारीला कोळशाची भट्टी बसवून दिली. भट्टी मागे, तिच्यातला वायू नळीनं बैठकांखालून पुढे इंजिनात. वर्षाची हमी होती. त्या वर्षात मोटार तुमच्या कारखान्यात किती वेळा येऊन पडली ते तुम्हाला ठाऊक आहे, फिटर तुम्हीच होता. दर वेळी एक दुरुस्त होऊन आलं आणि दुसरं बिघडून आलं. गाळणीचा डबा बदलला तर इंजिनात राख जाऊ लागली. राखेनं पिस्टनच्या रिंगा खाल्ल्या. रिंगा हमीत बसत नाहीत हे त्या वेळी कळलं. दोन म्हशींतली एक त्या रिंगांसाठी विकली. पुढे झडपा, मग पुन्हा रिंगा. ड्रायव्हरच्या बैठकीखाली नळीचा जोड आहे तो तर कधी घट्ट बसलाच नाही.

मोटार आता हिरामण चालवतो. नेरळचा आहे, आधी लाकडाच्या लॉरीवर होता, माणूस सरळ आहे. तो म्हणतो, "वयनी, मोटार चालती तवर काय नाय. खालापूरला बंद करून बसलो की डोक्यावर कुणी पाटा ठेवल्यावानी होतं." मी त्याला बंद मोटारीत बसू नको म्हणून सांगितलं आहे. पण पाऊस असला की तो कुठे जाणार?

तेवढा जोड नवा पाठवा. बाकीच्या कामाचं मागाहून बघू.

तुमची वहिनी,
सुंदरा


दहिवली, ता. १२ ऑक्टोबर १९४३

येसाजी भावजींना आशीर्वाद.

तुमचं कार्ड आलं. जोड हमीत बसत नाही, हमी संपली, नवीन मागवायचा तर आधी पैसे भरावे लागतील असं तुम्ही लिहिलंत. अक्षर तुमचं आहे, बोलणं साहेबांचं दिसतं.

परवा मोटार चौकाजवळ भातात गेली. हस्ताचा पाऊस चालू होता. खालापूरला हिरामण पॅसेंजरांची वाट बघत पडदे सोडून आत बसला होता. निघाला तेव्हा नीट बोलत होता. चौकाच्या अलीकडे वळण आलं, मोटार वळली नाही. बांध ओलांडून सरळ खाचरात जाऊन थांबली. चिखल होता म्हणून कोणाला लागलं नाही. एका म्हाताऱ्याचा चष्मा गेला आणि बायजाच्या पाटीतले बोंबील सगळ्यांच्या अंगावर पडले.

बायजा तुम्हाला आठवत असेल, सुकी मासळी घेऊन खालापूरच्या बाजाराला जाते ती. दादांच्या मोटारीत पहिल्या दिवसापासून तिची जागा ठरलेली. तिनंच येऊन मला सांगितलं. हिरामणला लोकांनी बाहेर काढून बांधावर निजवलं, तोंडावर पाणी मारलं. त्यानं डोळे उघडले तशी ही म्हणाली, "अरं मेल्या, मला चौकात उतरायचं होतं रं, भातात नाय!" लोक हसले. हिरामण ओकला. मग बायजा म्हणाली, "बगा तरी, कसा लालेलाल झालाय. नवरदेव जसा काय."

मी चौकात पोचले तोवर तो उठून बसला होता. गाल खरोखर लाल होते.

भावजी, तुम्ही दादांना शेवटचं पाहिलं नाहीत म्हणून सांगते. खालापूरच्या स्टँडवर ते स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलेले सापडले. मोटार बंद, भट्टी तापलेली, पाऊस म्हणून चारी बाजूंचे पडदे खाली. लोकांना वाटलं डुलकी लागली. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं म्हटलं, आणि त्यांनी दुसरं काय म्हणावं? घरी आणल्यावर बायका कुजबुजत होत्या, तोंडावर किती तेज आहे, गाल बघा कसे, पुण्यवान माणूस. मलाही ते बरं वाटलं होतं.

माझ्या बाळंतपणात खोलीत कोळशाची शेगडी असायची. सासूबाई दार कधी पुरतं लावू देत नसत. कितीही गारठा असो, बोटभर फट ठेवायच्या. शेगडीची वाफ डोक्यात जाते, माणूस झोपेतच जातं, म्हणायच्या. तुम्ही लहान होता. त्या फटीतून आत डोकावून बाळ दाखव म्हणून हट्ट करायचात.

हिरामणच्या बाबतीत मी आता थांबणार नाही. जोड बदलेपर्यंत मोटार उभी राहील. कंपनीनं माणूस पाठवून बघावं. दादांच्या वेळीही हाच जोड होता, हे मी कंपनीला वेगळ्या पत्रानं कळवते आहे.

सुंदरा


दहिवली, ता. ३ नोव्हेंबर १९४३

येसाजी भावजींना आशीर्वाद.

दिवाळी झाली. मी काही केलं नाही. तुमच्या अंबाआत्यांनी करंज्या पाठवल्या होत्या, त्या हिरामणच्या घरी दिल्या.

तुमच्या कंपनीचा तपासनीस काल येऊन गेला. माणूस वाईट नव्हता. टोपी काढून खाली वाकला, भट्टीचा तळ हातानं चाचपला आणि हाताला गंजाचा पापुद्रा आला तो मला दाखवला.

"बाई, इथं राख किती दिवस पडून होती?"

"तेराव्यापर्यंत."

"कुणी काढली नाही?"

"नाही."

"का?"

मी सांगितलं ते तुमच्यासाठीही लिहिते. भट्टी रोज आमच्या चुलीतल्या विस्तवावर पेटायची. दादा गेले त्या दिवशी लोकांनी मोटार बैल जुंपून ओढत आणली आणि अंगणात लावली. अंबाआत्या म्हणाल्या, सुतकात घरचा विस्तव बाहेर देत नाहीत, आणि हा तर त्याच्या हातचा शेवटचा. त्याची राख तेराव्याच्या आत हलवायची नाही. कोणी हात लावला नाही. आषाढाचा पाऊस भट्टीत गेला, राख भिजली, तळाचा पत्रा तिनं खाल्ला. ते खरं आहे. आमच्याकडे हे कोणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी आत्यांपुढे कोण बोललं असतं?

तपासनिसानं हे सगळं लिहून घेतलं. लिहिताना त्याला हायसं वाटत होतं.

मी म्हटलं, "तळ राखेनं गेला, कबूल. पण जोड पुढे आहे, बैठकीखाली. राख तिथवर चालत गेली काय?"

तो म्हणाला, "तुमचं खरंही असेल बाई. मला कारण लिहायला एकच ओळ ठेवलीय."

मोटार चालू होणार की नाही ते बघायला बायजा येऊन बसली होती. तपासनिसानं भट्टी पेटवून इंजिन चालवून बघितलं. चाललं. मग त्यानं ते बंद केलं आणि हात पुसू लागला. मी म्हटलं, "आता पडदे सोडून ड्रायव्हरच्या जागेवर घटकाभर बसा. मग काय ते लिहा."

त्यानं घड्याळ बघितलं. "मला चारची गाडी पकडायचीय."

बायजा म्हणाली, "बसा की सायेब. तुमचाच माल हाय. आमी रोज बसतो."

तो हसला, पण बसला नाही. टांग्यात चढताना मला म्हणाला, "तुमचे दीर आमच्याकडे आहेत ना? हुशार माणूस. फोरमन होतील आता." ते इतकं जवळ आलंय हे मला माहीत नव्हतं. ऐकून बरं वाटलं.

सुंदरा


दहिवली, ता. २६ नोव्हेंबर १९४३

येसाजी भावजींना आशीर्वाद.

तुमच्या कंपनीचं पाकीट आलं. इंग्रजी कागदाबरोबर मराठी तर्जुमा जोडला होता. कंपनी भट्टी नवी देणार, नळी नवी, इंजिनही करून देणार, सगळं फुकट. मी फक्त सही करायची. कशावर, ते उतरून लिहिते. "माझे यजमान कै. कोंडाजी यांच्या पश्चात यंत्रात राख राहू दिल्यामुळे भट्टीचा तळ निकामी झाला. नळीचा जोड मुळात सुस्थितीत होता व यजमानांनी यंत्र चुकीच्या रीतीने हाताळल्यामुळे तो निकामी झाला. याबाबत कंपनीचा कोणताही दोष नाही व माझी कोणतीही तक्रार नाही."

लाइनीचं परमिट डिसेंबर अखेर संपतं. तोवर मोटार चालू नसली तर ते नवं होणार नाही. चौकचे शेठ दोन मोटारी घेऊन तयार आहेत, त्यांचा मुनीम दोनदा येऊन आमची मोटार डोळ्यांनी मोजून गेला. दादांनी ही लाइन बैलगाडीच्या वाटेवरून उभी केली. मला तिच्याखेरीज घरामागचं भाताचं शेत आहे, ते वर्षाला पुरत नाही. सही केली तर परमिट संपायच्या आत मोटार रस्त्यावर. नाही केली तर लाइन गेली, मोटार भंगारात. मला दोन्ही बाजू नीट दिसतात, मला समजावणारं कार्ड पाठवू नका.

बायजा म्हणते, "कर गं सई. मेलेल्या माणसाला काय लागतंय? मला डोक्यावर पाटी घेऊन खालापूर गाठायला लागतंय, त्याचं बग." तिच्या टाचा फुटल्या आहेत. मी तिला कोकमाचं तेल दिलं.

आता एक गोष्ट लिहिते. ती फक्त आपल्या दोघांना माहीत आहे. मला माहीत आहे हे तुम्हाला माहीत नसेल.

वैशाखात तुम्ही दोन दिवस आला होता. मागच्या पडवीत दोघे भाऊ आंबे खात बसला होता. मी सालींची टोपली उचलायला आले तर दादा म्हणत होते, "येसू, जोडातनं वास येतो रं. बदलून दे की." तुम्ही म्हणालात, "दादा, आता बदलला तर सायेब विचारंल पयला कुणी बसवला. माझं फोरमनचं चाललंय. माती लाव गच्च, पावसाळाभर निभंल." दादा म्हणाले, "बरं." त्यांनी पुन्हा विचारलं नाही. तुम्ही सांगितलेलं त्यांना पुरायचं. दुसऱ्या दिवसापासून ते माझ्याकडे माती मागू लागले.

दादा गेल्यापासून साडेचार महिने हे मी कोणाला बोलले नाही. आजही फक्त तुम्हालाच लिहिते आहे. मला तुमच्याकडून एकच हवं आहे. साहेबांना सांगा की जोड वैशाखात सैल होता. राख आषाढातली आहे. एवढं तुमच्या तोंडून गेलं तर त्या कागदातलं मधलं वाक्य त्यांना काढावं लागेल आणि मग उरलेल्यावर मी सही करते. तळ आमच्या चुकीनं गेला, ते मी कबूल करायला तयार आहे. जोड दादांच्या चुकीनं गेला असं मी लिहून देणार नाही.

तुम्ही पाटीवर अक्षरं गिरवायचात तेव्हा मी बाजूला भाकरी थापत असायचे. तुम्ही मोठ्यानं म्हणायचात, मी पिठात बोटानं काढायचे. मी शिकले ती तशी. म्हणून हे कोणाकडून लिहवून घ्यावं लागलं नाही, दुसऱ्या कोणाच्या कानावर गेलं नाही.

उत्तराची वाट बघते.

सुंदरा


दहिवली, ता. २० डिसेंबर १९४३

येसाजी भावजी,

तुम्ही पत्राचं उत्तर न देता स्वतः आलात, ते मला चांगलं वाटलं होतं. दाराशी तुम्हाला बघितलं आणि क्षणभर दादाच उभे आहेत असं वाटलं, खांदे तसेच आहेत. मग तुम्ही पिशवीतून कागद काढलात. तोच कागद होता. मधलं वाक्य तसंच होतं.

तुम्ही गेल्यावर मला सारखं वाटतं की तुम्ही आपल्याला हवं तेवढंच आठवाल. म्हणून काय बोलणं झालं ते लिहून पाठवते.

मी म्हटलं, "जेवून घ्या आधी." तुम्ही म्हणालात, "वयनी, जेवायला आलो नाय. तुझ्यासाठीच आणलाय हा. सायबाचे पाय धरून सईला पंधरा दिस वाढवून घेतलेत. सई कर, म्हैनाअखेरीच्या आत मोटार तुझ्या दारात उभी करतो. मी स्वतः बसवीन भट्टी, कुणाला हात लावू देनार नाय."

"साहेबांना वैशाखाचं सांगितलंत?"

तुम्ही पिशवीतून टाक आणि दौत काढलीत. मग म्हणालात, "सांगितलं तर मी रस्त्यावर. बायको पोटुशी हाय. तुला काय मिळंल त्यातनं? दादा परत येनार हाय का?"

"नाही."

"दादा आसता तर त्यानं केली आसती सई. माझ्यासाठी केली आसती."

मी म्हटलं, "हो, त्यांनी केली असती."

तुम्हाला वाटलं मी कबूल झाले. तुम्ही टाक पुढे केलात. दौतीचं झाकणही काढलंत. मला तुमचा राग आला नाही, तुम्ही दमलेले दिसत होता. शर्टाची कॉलर विटली होती. मी विचारलं, "तुमच्या कंपनीच्या अशा भट्टीच्या मोटारी किती चालतात?"

"हायत पुष्कळ. नगरला, नाशिकला. का गं?"

"सगळ्यांना हाच जोड?"

तुम्ही दौतीचं झाकण परत लावलंत. मग म्हणालात, "सगळेच काय गळत नायत."

"कोणता गळतो ते त्यांना कळायचं कसं?"

"ते माझं काम हाय का, वयनी?"

मी म्हटलं, "तुमचंच आहे. तुम्ही फोरमन झालात ना?"

तेव्हा तुम्ही उठलात. कागद घडी करून पाटावर ठेवलात आणि म्हणालात, "विचार कर. मी उद्याच्याला नाय, परवा माणूस पाठवतो." पायरीवर चप्पल घालताना तुम्ही लहानपणी रडताना करायचात तसा आवाज झाला. मी हाक मारली नाही. हाक मारली असती तर तुम्ही परत आला असता आणि मी सही केली असती. माझं मला ठाऊक आहे. या घरात आले तेव्हा तुम्ही माझ्या कमरेएवढे होता, मी तुम्हाला कधी कशाला नाही म्हटलेलं नाही.

तुम्ही संध्याकाळच्या गाडीनं गेलात. हिरामण विचारायला आला, काय ठरलं. मी त्याला सांगितलं की चौकच्या शेठकडे नोकरीचं बघ, माझी चिठ्ठी घेऊन जा, पण भट्टीची मोटार देत असतील तर आधी बैठकीखाली हात घालून बघ. तो ओट्यावर टेकला. म्हणाला, "वयनी, दिरावर फिर्याद करनार काय तुमी?" मी म्हटलं, "मला झोप येते आहे, तू घरी जा."

मला झोप आली. ते मुद्दाम लिहिते, कारण तुम्ही म्हणाल की वहिनीनं रात्रभर जागून, डोकं फिरवून घेऊन केलं.

दुसऱ्या दिवशी मी चालत खालापूरला गेले. वाटेत बायजा भेटली, तिच्याबरोबर बाजारापर्यंत गेले, पुढे एकटी. ठाण्यात जमादार होता. माझ्या यजमानांच्या मरणाची जबानी लिहून घ्या म्हणून सांगितलं. तो म्हणाला, त्याला पाच महिने झाले बाई. मी म्हटलं, झाले. त्यानं यजमानांचं नाव विचारलं. लग्नातल्या उखाण्यानंतर ते मी पहिल्यांदा तोंडानं घेतलं. मग जोडाचं, पडद्यांचं, हिरामणचं, राखेचं, सगळं सांगितलं, आमची चूक होती तीही. जोड सैल आहे हे माहीत असून मोटार तशीच चालवायला कोणी सांगितलं, असं त्यानं विचारलं. मी तुमचं नाव, कंपनीचा पत्ता आणि तुमची तिथली जागा सांगितली. त्यानं लिहिलेलं वाचून दाखवलं. मी कागद मागून घेतला, स्वतः एकदा वाचला आणि सही केली.